आठशे पन्नास अंशांची शिस्त

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि देशातल्या बहुतेक कोळसा वीजकेंद्रांची सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सुटका केली. डिसेंबर २०१५ मध्ये घातलेली ही मर्यादा दोन वर्षांत पाळायची होती. मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली, दशक सरत आले, आणि अखेर दर पाच संचांपैकी जवळपास चार संचांना फक्त चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्यास सांगण्यात आले. या निर्णयावर बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले, पण चर्चा फिरली ती एफजीडी या एकाच यंत्रणेभोवती. भट्टीतून निघालेला धूर चिमणीत शिरण्याआधी चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारी ही यंत्रणा आकाराने प्रचंड आणि खर्चाने कोटींच्या भाषेतली असते, हे मान्यच आहे. मात्र जिच्यात गंधक विस्तवातच अडवता येते, धुरामागे धावावे लागत नाही, अशी एक भट्टी आपल्याकडे कित्येक दशकांपासून आहे. कागद कारखाने, कापडाची प्रोसेस हाऊसेस, मद्यार्क प्रकल्प, स्पंज आयर्नचे कारखाने, आणि लिग्नाइटवर चालणारी काही वीजकेंद्रे तिच्यावर चालतात. तिला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात, व्यवहारात एफबीसी. ही भट्टी आपण स्वच्छ म्हणून आणली, कागदोपत्री तिला स्वच्छ धरले, आणि ती ज्यामुळे स्वच्छ राहते ते रोजचे काम मात्र वाऱ्यावर सोडले, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे हिशेबासकट मांडतो.

भडभुंजाची कढई डोळ्यांपुढे आणा. तीत वाळू तापलेली असते. मूठभर ज्वारी टाकली की वाळू दाण्याला चहूबाजूंनी वेढते, आच सगळीकडून सारखी लागते आणि दाणा न करपता फुलतो. एफबीसी बॉयलरात असेच काहीसे घडते, फक्त कढईच्या तळाला शेकडो बारीक भोके असतात आणि त्यांतून पंख्याने जोराची हवा वर सोडलेली असते. हवेचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की वाळूचा थर उचलला जातो, त्यात बुडबुडे फुटू लागतात आणि घट्ट वाळू आधणाच्या पाण्यासारखी खळखळते. कामगार या थराला नुसते 'बेड' म्हणतात. बेडमध्ये कोळशाचे तुकडे सतत पडत असतात, पण कुठल्याही क्षणी बेडच्या वजनात जळता कोळसा शेकडा दोन-चार भागच असतो. बाकी वाळू आणि राख. एवढा मोठा तापलेला साठा हाताशी असल्यामुळे शेकडा चाळीस राख असलेला, ओला किंवा हलका कोळसाही यात विझत नाही. हवेचा वेग आणखी वाढवला की वाळू वरपर्यंत उडते. तिला सायक्लोनमध्ये पकडून पुन्हा भट्टीत सोडतात. हा फिरत्या बेडचा प्रकार, म्हणजे सीएफबीसी. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२ च्या सुमारास कोळशापासून वायू काढण्यासाठी ही क्लृप्ती वापरली, आणि १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये डग्लस एलियट यांनी ती बॉयलरसाठी उचलून धरली.

या बेडचे सगळे वैशिष्ट्य त्याच्या तापमानात आहे. कोळशाची पिठासारखी भुकटी करून ती ज्योतीत जाळणाऱ्या मोठ्या वीजकेंद्रांत आच चौदाशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि एवढ्या आचेला हवेतला निरुपद्रवी नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. बेड आठशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान चालतो. तिथे हवेतला नायट्रोजन जवळजवळ स्वस्थ राहतो. ऑक्साइडे होतात ती कोळशाच्या अंगच्या नायट्रोजनची. हा फायदा आपोआप मिळतो. दुसरा फायदा मात्र कमवावा लागतो. बेडमध्ये कोळशाबरोबर चुनखडीचा चुरा घातला तर ती तिथल्या तिथे भाजून कळीचा चुना होते, आणि हा चुना सल्फर डायऑक्साइड व ऑक्सिजन शोषून निर्जल जिप्समसारखा घन पदार्थ बनतो. चिमणीतून जाणारे गंधक राखेत उतरते. ही घडामोड सर्वांत चांगली चालते ती ८५० अंशांच्या आसपास. चुनाभट्टी आणि कोळशाची भट्टी एकाच पात्रात एकाच तापमानाला सुखाने नांदतात, हा या तंत्राचा सगळा डौल.

पण चुनखडीच्या एका कणाकडे जवळून बघितले की यातली मेख कळते. मिलिमीटरभर जाडीचा कण बेडमध्ये पडतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना मागे असंख्य सूक्ष्म पोकळ्या सोडतो आणि कण पावासारखा सच्छिद्र होतो. गंधकाचा वायू या पोकळ्यांतून आत शिरतो आणि भिंतींवर सल्फेट धरू लागते. आता सल्फेट हे कळीच्या चुन्याच्या पावणेतीनपट जागा व्यापते. त्यामुळे कणाच्या बाहेरच्या अंगाच्या पोकळ्या आधी बुजतात, वर सल्फेटचे कवच धरते, आणि पोटातला चुना कोराच राहून राखेबरोबर बाहेर पडतो. म्हणूनच कागदावर गंधकाच्या एका रेणूला चुन्याचा एक रेणू पुरत असला तरी शेकडा नव्वद गंधक पकडायचे तर प्रत्यक्षात दोन ते तीनपट चुनखडी घालावी लागते. कण फार जाड असेल तर पोट वाया जाते; फार बारीक असेल तर तो काम होण्याआधीच धुराबरोबर उडून जातो. तापमान नऊशेच्या वर गेले तर पोकळ्या लवकर मिटतात, आणि जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे धरलेले सल्फेट पुन्हा फुटून गंधक सोडून देते. तापमान आठशेच्या खाली गेले तर चुनखडी नीट भाजतच नाही. कणाची जाडी, चुनखडीचा दर्जा, बेडचे तापमान आणि हवेची वाटणी, या चारही गोष्टींवर चोवीस तास नजर ठेवली तर गंधक पकडले जाते. नजर हटली की तीच भट्टी साध्या भट्टीसारखी गंधक ओकते.

आपल्याकडे ही नजर का नाही, याचे उत्तर ही भट्टी आपल्याकडे ज्या कारणाने आली त्यात आहे. युरोप-अमेरिकेत ती गंधकाच्या कायद्यांमुळे रुजली. आपल्याकडे ती आली राखेमुळे. भारतीय कोळशात राख शेकडा पस्तीस ते पंचेचाळीस, दर्जा खाणीगणिक बदलणारा, आणि धुलाईतून उरलेला टाकाऊ मालही जाळायची गरज. हे सगळे पोटात घालणारे यंत्र हवे होते, आणि एफबीसीने ती गरज चोख भागवली. त्यामुळे आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान बॉयलरांत बेड म्हणून वाळू किंवा भट्टीच्या विटांचा चुरा टाकतात. चुनखडीची वेगळी टाकी, तिचा फीडर, तिची चाळणी ही व्यवस्था सहसा उभारलीच जात नाही. चुनखडी घालता येते हा या भट्टीचा गुण, आणि घातली आहे हे गृहीतक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्प अहवालात 'एफबीसी तंत्रज्ञान, त्यामुळे कमी उत्सर्जन' असे एक वाक्य येते आणि गुणाचे गृहीतक होऊन जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपल्या कोळशात गंधक मुळातच अर्धा टक्का, मग चुनखडी कशाला? २०२५ च्या सवलतीमागेही हाच युक्तिवाद होता, म्हणून तो नीट तपासून पाहायला हवा. टक्केवारी वजनाची असते, आणि आपण कोळसा जाळतो तो उष्णतेसाठी. किलोमागे ३,६०० किलोकॅलरी देणाऱ्या कोळशात अर्धा टक्का गंधक असेल, तर तेवढ्याच उष्णतेच्या मापाने तो ६,००० किलोकॅलरी देणाऱ्या, ०.८ टक्के गंधकाच्या कोळशाच्या बरोबरीचा ठरतो. हलका कोळसा जास्त जाळावा लागतो, त्यामुळे 'कमी गंधकाचा' हा शब्द अर्धाच खरा आहे. आता दिवसाला १०० टन कोळसा जाळणारा एक कारखाना घेऊ. अर्धा टक्का म्हणजे ५०० किलो गंधक; ते जळून एक टन सल्फर डायऑक्साइड होतो. १०० टन अशा कोळशाचा धूर साधारण साडेपाच लाख घनमीटर धरला आणि थोडे गंधक राखेत राहिले असे मानले, तरी घनमीटरमागे दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा येतो. औद्योगिक बॉयलरसाठी जानेवारी २०१८ मध्ये ठरवलेली मर्यादा ६०० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे 'कमी गंधकाच्या' कोळशावरही निम्म्याहून अधिक गंधक अडवल्याशिवाय कायदा पाळला जात नाही, आणि चुनखडी नसलेला बेड ते अडवू शकत नाही.

याच आक्षेपाचा दुसरा भाग असा की शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मोजला तर तो मर्यादेतच असतो, मग त्रास कुणाला? हवेत मोजलेला सल्फर डायऑक्साइड कमी दिसतो याचे एक कारण तो तिथे फार काळ त्या रूपात राहत नाही, हेही आहे. काही तासांत, काही दिवसांत तो सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतो. तेव्हा त्याची गणना पीएम २.५ मध्ये होते, आणि ती मर्यादा आपली बहुतेक मोठी शहरे पाळत नाहीत. चिमणीपाशी त्याला एका नावाने सूट द्यायची आणि शहरात दुसऱ्या नावाने त्याच्यावर मोहीम काढायची, ही विसंगती धोरणात राहता कामा नये.

तरीही चुनखडी टाकली की प्रश्न मिटला, असे मी म्हणत नाही. या भट्टीत एक प्रदूषक दाबला की दुसरा डोके वर काढतो, आणि याच कारणासाठी ती चालवण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. कळीचा चुना गंधक पकडतो, पण कोळशातून सुटणाऱ्या अमोनियासारख्या वायूंचे नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करायलाही मदत करतो. म्हणजे चुनखडी वाढवली की नायट्रोजनची ऑक्साइडे थोडी वाढतात. ती कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे सगळी हवा तळातून न देता काही भाग वरून द्यायचा, म्हणजे तळाशी ऑक्सिजन कमी राहून ऑक्साइडे मोडतात. पण तळाशी ऑक्सिजन कमी झाला की सल्फेट फुटून गंधक सुटते. दुसरा उपाय अमोनिया किंवा युरिया फवारण्याचा. त्याला साडेआठशे ते अकराशे अंशांची खिडकी लागते, आणि सीएफबीसीचा सायक्लोन या खिडकीच्या खालच्या कडेशी बसतो. धूर तिथे घुसळला जातो, थांबतो, त्यामुळे फवारा चांगला मिसळतो. मात्र युरिया वापरला तर त्यातून नायट्रस ऑक्साइडची भर पडते, अमोनिया वापरला तर ती कमी.

नायट्रस ऑक्साइड ही या तंत्राची खरी दुखरी नस आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. ज्योतीच्या भट्टीत चौदाशे अंशांना हा वायू टिकत नाही. बेडच्या मंद आचेत तो तयार होतो आणि टिकतो. फुफ्फुसांना तो लगेच बाधत नाही, म्हणून चिमणीच्या नियमांत त्याला जागा नाही. पण शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कोळशाच्या भट्ट्यांसाठी सर्वसाधारण आकडा एका टेराज्यूल उष्णतेमागे दीड किलो नायट्रस ऑक्साइडचा आहे. दगडी कोळशाच्या फ्लुइडाइज्ड बेडसाठी तोच आकडा ६१ किलोचा. चाळीसपट. तेवढ्याच उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे ९५ टन. ६१ किलोला २७३ ने गुणा, साडेसोळा टनांहून थोडे अधिक येतात. म्हणजे बेडवर जाळलेल्या कोळशाचा हवामानावरचा भार आपण मोजतो त्याहून शेकडा सतरा-अठराने जास्त असू शकतो. लिग्नाइटमध्ये हे प्रमाण कमी असते, आणि बेड जसा तापतो तसे ते झपाट्याने घटते. पण तापमान वाढवले की गंधक निसटते. ८५० हा गंधकाचा आकडा, नऊशेच्या वर नायट्रस ऑक्साइडचा. दोन्ही एकदम साधत नाहीत. त्यातल्या त्यात मार्ग आहेत. बेड ८५० वर ठेवून धूर सायक्लोनपाशी वेगळा तापवता येतो, आणि कळीचा चुना स्वतः नायट्रस ऑक्साइड फोडायला मदत करतो, म्हणजे चुनखडीचा इथे एक जास्तीचा फायदाच आहे. यांपैकी काय निवडायचे ते कोळशागणिक ठरेल. पण निवड करायची तर मोजमाप हवे, आणि हा वायू आपण मोजतच नाही.

धुळीचे आणि राखेचे थोडक्यात. चुनखडीने गंधक पकडले की धुरातला सल्फर ट्रायऑक्साइडही नाहीसा होतो, आणि तो नसला की उडत्या राखेचा विद्युतरोध वाढतो. त्यामुळे विजेच्या जोरावर धूळ ओढणारा ईएसपी कमी पडू लागतो. चुनखडी वापरणाऱ्या भट्टीला बॅग फिल्टरच द्यावा, हे शहाणपण कारखाना उभा करतानाच लागते. नंतर ते महागात पडते. राखेत मोकळा चुना आणि सल्फेट असल्यामुळे ती सिमेंटमध्ये साध्या फ्लाय अॅशसारखी बिनधास्त मिसळता येत नाही. पाणी लागले की ती तापते आणि फुगते. रस्त्याचा भराव, खाणीची पोकळी, विटा, यांसाठी ती वापरता येते, पण आधी भिजवून, तपासून. चुनखडीवर आक्षेप घेणारे या राखेकडे बोट दाखवतात आणि त्यांचे चुकत नाही. चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र आकड्यांपुढे टिकत नाही: आपल्या १०० टनांच्या उदाहरणात चार टन चुनखडीतून पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघेल, आणि कोळशातून सुमारे दीडशे टन.

हे सगळे प्रत्यक्षात साधते का? साधते. पोलंडमधल्या वागिशा इथे २००९ मध्ये ४६० मेगावॅटचा फिरत्या बेडचा सुपरक्रिटिकल संच सुरू झाला. चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या बाइमा इथे २०१३ मध्ये ६०० मेगावॅटचा. चीनने वीजकेंद्रांसाठी अतिकमी उत्सर्जनाची मर्यादा घातली ती घनमीटरमागे धूळ १०, सल्फर डायऑक्साइड ३५ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ५० मिलिग्रॅम अशी, आणि तिथल्या फिरत्या बेडच्या संचांना ती पाळण्यासाठी कण बारीक करणे, बेडमधला साठा हलका ठेवणे, सायक्लोन सुधारणे असे चालवण्याशी निगडित बदल करावे लागले. लांब जायचीही गरज नाही. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या मांगरोळ तालुक्यात आणि राजस्थानात बारसिंगसर इथे १२५ मेगावॅटचे फिरत्या बेडचे लिग्नाइट संच चालतात. गुजरात-राजस्थानच्या लिग्नाइटमध्ये गंधक अधिक, त्यामुळे तिथे चुनखडीची व्यवस्था आराखड्यातच धरावी लागते. गरज पडली तिथे आपल्या अभियंत्यांनी हे केले आहे. जिथे कुणी विचारले नाही तिथे ते राहून गेले.

आणि विचारणार कोण, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या व्यवस्थेकडे पाहिले की फार टोचतो. बॉयलरकडे दोन कार्यालये पाहतात. बाष्पके संचालनालय बॉयलरचा दाब पाहते, नळ्या पाहते, स्फोट होऊ नये याची काळजी घेते. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा आला, त्याचाही गाभा सुरक्षिततेचाच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते चिमणीचे तोंड. नमुना घेणारी माणसे चिमणीच्या शिडीवर चढतात, नळी आत घालतात, काही तासांचा नमुना घेतात आणि उतरतात. त्या काही तासांत बेड ८५० वर होता का ९३० वर, चुनखडी पडत होती का, रात्रपाळीला काय झाले, हे त्या नमुन्यात उमटत नाही. दोन कार्यालयांच्या मधोमध बेड आहे आणि त्याच्याकडे कुणीच पाहत नाही. गंमत नाही, खेदाची गोष्ट ही की बेडचे तापमान मोजणारे थर्मोकपल प्रत्येक एफबीसी बॉयलरात आधीच बसवलेले असतात. ते बसवावेच लागतात, कारण तापमान साडेनऊशेच्या वर गेले की राख मऊ पडते, बेड चिकटतो, क्लिंकर धरतो आणि बॉयलर बंद करून घणाने फोडावा लागतो. उत्पादन बुडू नये म्हणून जो आकडा मिनिटामिनिटाला बघितला जातो, तोच आकडा हवेच्या रक्षणासाठी कुणी मागत नाही.

तो मागावा, असे माझे म्हणणे आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात एफबीसी बॉयलरसाठी तीन नोंदी बंधनकारक कराव्यात: बेडच्या तापमानाचा अखंड आलेख, कोळशाच्या टनामागे घातलेल्या चुनखडीचे वजन, आणि धुरातला ऑक्सिजन. पहिल्याला नवे यंत्रसुद्धा लागत नाही. दुसरी नोंद खरेदीच्या पावत्यांशी ताडून पाहता येते. कोळसा किती आला आणि चुनखडी किती आली हे दोन आकडे शेजारी ठेवले की कारखाना गंधक पकडतो का सोडतो, हे चिमणीवर न चढता कळते. तिसरा आकडा नसेल तर बाकीचे दोन्ही फसवे ठरतात, कारण जादा हवा सोडून धूर पातळ करता येतो. मोठ्या सीएफबीसी संचांनी याखेरीज नायट्रस ऑक्साइड वर्षातून काही वेळा मोजून जाहीर करावा. मर्यादा लगेच घालू नये, आधी आकडा तरी समोर येऊ द्यावा.

नोंदी खोट्या भरल्या जातील, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कागदी वहीच्या बाबतीत तो खराच ठरेल. म्हणून सुरतेकडे बघायला हवे. तिथे २०१९ पासून कोळसा आणि लिग्नाइट जाळणाऱ्या, बहुतांशी कापड धंद्यातल्या तीनशेहून अधिक कारखान्यांत चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवून त्यांतल्या काही कारखान्यांसाठी धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार उभा करण्यात आला. एकूण धुळीला कमाल मर्यादा, प्रत्येकाला परवाने, कमी सोडणाऱ्याने उरलेले परवाने विकायचे आणि जास्त सोडणाऱ्याने विकत घ्यायचे. अभ्यासकांनी योजनेतल्या कारखान्यांची बाहेरच्या कारखान्यांशी तुलना केली तेव्हा धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळली. यंत्रे तशीच, कोळसा तसाच, मालकही तेच. सतत मोजणारी यंत्रे दोन्हीकडे होती; फरक एवढाच की योजनेत त्या आकड्याला किंमत आली. महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांच्या धुळीनुसार एक ते पाच तारे देऊन ती माहिती लोकांपुढे ठेवण्याची योजना सुरू केली होती. त्याच धाग्यात बेडचे तापमान आणि चुनखडी ओवता येईल. आलेख थेट मंडळाच्या संगणकावर जात असेल तर तो रचणे वाटते तितके सोपे नाही: कोळशाचा भार, वाफेचा दाब, ऑक्सिजन आणि तापमान एकमेकांशी बांधलेले असतात, एक खोटा केला की बाकीचे बोलतात.

छोट्या उद्योजकाचा खर्चाचा प्रश्न रास्त आहे, त्याला आकड्यानेच उत्तर देता येते. आपल्या उदाहरणात १०० टन कोळशाला तीन ते चार टन चुनखडी लागते, म्हणजे टनामागे तीस-चाळीस किलो. एक टाकी, एक फीडर आणि चाळणी यांपलीकडे भांडवली खर्च फारसा नाही, कारण भट्टी आधीच आहे. विदर्भात तर निसर्गानेच सोय केली आहे. वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात एका बाजूला कोळशाच्या खाणी आणि दुसऱ्या बाजूला सिमेंट कारखान्यांना पुरणारी चुनखडी. वणीजवळच्या राजूरला चुनाभट्ट्यांची जुनी परंपरा. ज्या जिल्ह्यांना कोळशाच्या धुराचा सर्वाधिक त्रास आहे तिथेच त्याचे औषध जमिनीत आहे. खाणींवरच चुनखडी ठरावीक जाडीला दळून, तिची शोषणक्षमता तपासून, पोत्यांतून लहान कारखान्यांना पुरवण्याचे काम एखादी सहकारी संस्था किंवा औद्योगिक विकास महामंडळ हाती घेऊ शकते. चुनखडी सगळी सारखी नसते. दोन खाणींतल्या सारख्याच शुद्धतेच्या दगडांच्या पोकळ्या वेगळ्या निघतात आणि वापर दुप्पट होतो. ही तपासणी एकट्या कारखानदाराला परवडणार नाही, पट्ट्यातल्या सर्वांसाठी एकदाच केली तर सहज परवडेल.

शेवटचा आक्षेप असा की कोळसा जाणारच आहे, सूर्य आणि वारा येत आहेत, मग जाणाऱ्यावर एवढी मेहनत कशाला? विजेच्या बाबतीत मीही त्या दिवसाची वाट पाहतो. पण कापड रंगवायला, कागद वाळवायला, औषधे बनवायला वाफ लागते, आणि ती सौर पॅनेलमधून सरळ मिळत नाही. हे बॉयलर आणखी कित्येक वर्षे पेटलेले राहतील, आणि कोळसा कमी होईल तसे त्यांत शेतातला कचरा पडू लागेल: कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट. तिथे गंधक कमी, पण पालाश भरपूर. हा पालाश बेडमधल्या वाळूशी मिळून काचेसारखा वितळतो, वाळूचे गोळे होतात आणि साडेआठशेच्या आसपाससुद्धा बेड बसतो. अशा इंधनाला तापमान आणखी खाली आणि आणखी काटेकोर ठेवावे लागते, बेडची वाळू वेळच्या वेळी बदलावी लागते, कधी वाळूऐवजी दुसरा दगड वापरावा लागतो. कोळशाच्या काळात जिथला बॉयलर अटेंडंट बेड ८५० वर धरून ठेवायला शिकलेला असेल, ज्या कारखान्यात त्याचा आलेख रोज कुणीतरी वाचत असेल, तिथे पऱ्हाट्या जळतील. जिथे ते झाले नसेल तिथे पहिल्याच हंगामात बेड गोठेल आणि कारखाना पुन्हा कोळशाकडे वळेल.